उंदराचे दात पिवळेच असतात

माझ्या दवाखान्यात टेबलामागच्या भिंतीवर एक पाटी आहे : ‘उंदराचे दात पिवळेच असतात. घासू नयेत.’ नवीन माणूस ती वाचतो, हसतो, मोबाइलवर फोटो काढतो. काढू दे. पाटी कशासाठी लावली हे विचारणारे थोडे, आणि कुणी विचारलंच तर आजवर मी विषय बदलत आले. दिवाळी अंकासाठी “तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, जरा गमतीदार” असा निरोप आला तेव्हा गमतीदार पुष्कळ सुचलं. लिहायला बसले आणि पेन त्या पाटीपाशीच येऊन अडकायला लागलं.

मी मूळची गुरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतली बहुतेक वर्षं गडहिंग्लज तालुक्यात गेली, त्यातली बरीच नेसरीच्या आसपास. खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं रेडकू ओढून काढणं, फुगलेल्या म्हशीच्या पोटातलं वारं सोडवणं, लाथा खाणं, हे माझं काम. बाईमाणूस बैलाला हात लावणार म्हटल्यावर सुरुवातीला लोक जनावर घेऊन परत जायचे. नंतर तेच लोक मोटरसायकल घेऊन मला न्यायला यायला लागले. माझा आवाज मोठा आणि तोंड फटकळ. त्या कामाला ते लागतंच. गोठ्यात एक म्हैस आजारी असते आणि दहा माणसं दहा सल्ले देत असतात. त्यातल्या नवांना गप्प केल्याशिवाय सलाईन लावता येत नाही. “बाई तोंडानं तिखट, पर हाताला गुण हाय,” असं लोक म्हणायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. नको इतकं वाटायचं.

निवृत्तीनंतर कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत, एका खोलीचा दवाखाना थाटला. म्हटलं, कुत्री-मांजरं येतील, एखादी शेळी येईल, वेळ जाईल. दुसऱ्याच महिन्यात कॉलेजातली एक मुलगी ओढणीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली. उघडून बघते तर पांढरा उंदीर! मी जन्मभर कणगीतल्या उंदरांना शिव्या घातलेल्या. म्हटलं, “बाई गं, हा मारायचा का जगवायचा?” मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मॅडम, तो रक्त रडतोय हो.” खरंच त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि पुस्तकं काढून बसले. ते रक्त नसतं. उंदराला त्रास झाला, आजार झाला की डोळ्यांतून लालसर पाणी येतं. पिंजऱ्यात घातलेला भुसा धुळकट होता, तो बदलल्यावर थांबलं. साठीला आल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झाले ती अशी.

त्या मुलीनं दहा जणांना सांगितलं असावं. शहरात उंदीर पाळणारी इतकी पोरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या शेजारी शामरावांचं बी-बियाणांचं दुकान आहे. दुकानाच्या दारात उंदीर मारायच्या औषधाच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या आणि खाली लोखंडी सापळ्यांची उतरंड. माझी गिऱ्हाइकं उंदराला छातीशी धरून त्याच माळांखालून आत येतात. शामराव गल्ल्यावरून ओरडतात, “बाई, तुमी जगवा, आमी मारतो. दोगांचं बी चाललं पायजे की!” एकदा त्यांच्याकडचा एक पावणा चुकून माझ्याकडं शिरला आणि माझ्या टेबलावर झोपलेला उंदीर बघून म्हणाला, “ह्यो मेलेला नमुना हाय काय? कुठल्या औषधानं मेला?” तेवढ्यात नमुन्यानं जांभई दिली. पावणा उलट्या पावली बाहेर.

जांभई दिली म्हणजे दात दिसतात, आणि माझं निम्मं काम त्या दातांशी असतं. ज्यांनी उंदीर कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. उंदराला एकूण सोळा दात. पुढं वर दोन, खाली दोन, ते कुरतडायचे. मग मोकळी जागा आणि आत बारा दाढा. दाढा आपल्यासारख्या, एकदा आल्या की आल्या. पुढचे चार दात मात्र जन्मभर वाढत राहतात, नखांसारखे. वरचे आणि खालचे एकमेकांवर घासून झिजतात म्हणून तोंडात मावतात. एखादा तुटला, वाकडा आला, जबड्याला मार लागला, की वरखालची गाठ पडत नाही आणि दात वाढतच सुटतो. वाकून थेट टाळूत घुसतो. पुढ्यात अन्न असून जनावर उपाशी मरतं. आणि रंग म्हणाल, तर निरोगी मोठ्या उंदराचे पुढचे दात पिवळे असतात, कधीकधी नारिंगीकडं झुकणारे. त्यांच्या वरच्या थरात लोह असतं, त्यानंच ते इतके कडक होतात. पांढरेफटक पडले तर काळजी करायची. आणखी एक, उंदीर सुखात असला की दातावर दात घासत बसतो. बारीक कर्रकर्र आवाज येतो, डोळे आतबाहेर हलल्यासारखे दिसतात. नवा माणूस घाबरतो, फिट आली म्हणतो. हातावर घेतलेला असेल तर ती थरथर तळहाताला जाणवते.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं, पण हात बसला तो चुका करून. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर लोखंड घासणारा टर्नर अल्ताफ त्याची उंदरी घेऊन आला. पिंजऱ्याच्या गजांना चावून तिचा एक दात तुटलेला आणि समोरचा वाढून कमानीसारखा वळलेला. मी कुत्र्याची नखं काढायचं कातर घेतलं आणि कट् करून टाकलं. दात कापला गेला, पण उभा चिरला, पार मुळापर्यंत. आठवड्यानं तिथं पू झाला. अल्ताफ रागावला नाही. टेबलावर पडलेला तो दाताचा तुकडा उचलून उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, कडक वस्तूला असं दोन्हीकडनं दाबायचं नसतं की. ती उभी फाटते. हिला घासून उतरवायला पायजे.” पुढच्या खेपेला त्यानं एक लहान हातातलं ग्राइंडर आणलं, बारीक चकती लावलेलं. जीभ आणि ओठ बाजूला धरायला एक पत्र्याची पट्टी स्वतः घासून, कडा गुळगुळीत करून दिली. शिकलेली डॉक्टर मी, आणि दात कसा कापू नये हे मला शिकवलं एका टर्नरनं. उंदरी जगली. दर तीन आठवड्यांनी दात उतरवायला अजून येते.

अल्ताफच्या परसात पेरूचं झाड आहे. त्यावर कुठलं औषध मारत नाहीत. त्याच्या काड्या धुऊन, वाळवून तो मला आणून देतो, मी गिऱ्हाइकांना वाटते. उंदराला कुरतडायला काहीतरी लागतंच, नाहीतर तो पडदे बघतो. लोकांना वाटतं त्यासाठी बाहेरदेशाचा खाऊच पाहिजे. काही नको. नाचणीची भाकरी उन्हात खडखडीत वाळवा. अक्रोडाला नुसती चीर पाडून द्या, आतला गर काढायला तो तासभर खपतो. गाजराचा तुकडा, भोपळ्याच्या चार बिया. ऊस? आपल्याकडं प्रत्येक जण तेच विचारतो, कारण ऊस खाल्ला की दात बळकट होतात हे आपल्याला लहानपणापासून पटवलेलं. नखाएवढा तुकडा सणासुदीला ठीक, रोज नको, उंदीर बेढब होतो. आणि दारातल्या कण्हेरीची काडी चुकूनसुद्धा नको, ते विष आहे. हे मी आज इतकं सविस्तर सांगते. तेव्हा सांगत नव्हते. तेव्हा मी म्हणायचे, “असू द्या, काही होत नाही, चला, पुढचं कोण?”

आक्का आल्या तेव्हा मी अशीच होते.

सत्तरीच्या आतबाहेरच्या. मूळच्या नेसरीच्या, म्हणून मला जरा जास्तच हक्कानं बोलायच्या. हातात वेताची बुट्टी, बुट्टीवर फडकं, फडक्याखाली उंदीर, तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या अंगाचा. “नातीचा हाय,” म्हणाल्या. “पुन्याला शिकती. हॉस्टेलात ठिवू देत न्हाईत म्हनून आमच्या गळ्यात. नाव मोमो का काय हाय. आमी मोमू म्हनतो.” बोलताना तोंडाला पदर लावायची सवय, कारण तोंडात मिसरी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. आमच्याकडच्या जुन्या बायका तिनं दात घासतात, आणि एकदाचं घासणं पुढं दिवसातून चारदा होतं.

मी उंदीर तपासला, ठणठणीत होता. “मग आणलात कशाला?”

“असंच दावायला. ह्याला काय हुता कामा नये, डॉक्टरीणबाई. ह्याच्यावर आमच्या घरातलं लई काय हाय.” आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांचे मालक, बापू, बैलांचे व्यापारी. चाळीस वर्षं गडहिंग्लजच्या जनावरांच्या बाजारात. मला चेहरा आठवेना, पण अशी माणसं मी शेकड्यांनी बघितलेली. बैलाचा ओठ अंगठ्यानं वर करायचा, एक नजर टाकायची आणि वय सांगायचं : आदत आहे, म्हणजे अजून दुधाचेच दात, दोन दाती आहे, चार दाती आहे, जुळला, म्हणजे सगळे दात आले. विकणारा काही का सांगेना, दात खोटं बोलत नाहीत. त्या बापूंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली आणि उजवा हात गेला. व्यायाम करून घ्यायला एक पोरगा घरी यायचा, तो दमला. सांगून गेला, हात वापरला नाही तर असाच आखडून बसेल. बापू खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचे. आणि एक दिवस नातीचा हा उंदीर पिंजऱ्यातून सुटून त्यांच्या मांडीवरनं उजव्या पंज्यात जाऊन बसला आणि दात घासायला लागला.

“हाताला कळलं वो त्यांच्या,” आक्का म्हणाल्या. “बोटं हलली. मी समोर उभी हुतो. मग रोज त्येच. आता तर त्याचा ओठ वर करून बघत्यात. अंगठ्यानं. बैलाचा बघायचं तसं.”

मला खरं वाटेना, म्हणून पुढच्या वेळी त्यांनी बापूंना रिक्षात घालून आणलं. खरं होतं. उंदीर तळहातावर, आणि तो वाळलेला जाड अंगठा कापत कापत पुढं येतो, त्या एवढ्याशा तोंडावरचा ओठ वर सारतो. बापू मान वाकडी करून दात बघतात. मी मोठ्यानं विचारलं, “काय बापू, चार दाती का जुळला?” त्यांच्या अर्ध्या तोंडाला हसू आलं आणि घशातून आवाज निघाला. मी गुरांच्या बाजारात उभी राहिलेली बाई, सहसा हेलावत नाही. त्या दिवशी हात धुवायचं निमित्त करून कोपऱ्यातल्या नळाकडं तोंड फिरवलं.

दात बघून बापूंना काहीतरी खटकत होतं. बघून झालं की ते नाक मुरडायचे, डाव्या हातानं आक्कांना खुणावायचे. बैलाचे दात पांढरे बघण्यात जन्म गेलेला, आणि ह्याचे हळदीसारखे पिवळे. आक्कांनी मला विचारलं, “दात पिवळं का वो ह्याचं? ह्यांस्नी ते बरं वाटंना.” मी म्हटलं, “असू द्या.” पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मी म्हटलं, “असू द्या हो, काही होत नाही.” का असू द्या, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. दात पिवळे म्हणजे चांगले, एवढे चार शब्दसुद्धा पुरले असते.

तिसऱ्यांदा त्या हीच तक्रार घेऊन आल्या तेव्हा दवाखाना भरलेला होता. टेबलावर एक कुत्रं, पायाला काच लागून रक्ताची धार. आक्का दारातूनच म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, दात आनिकच पिवळं झाल्यात. ह्यांनी काल तोंड फिरवलं. हातात बी घेतला न्हाय. काय तरी करा की.”

माझं डोकं फिरलं. टाका घालता घालता मान वर न करता मी ओरडले, “मग घासा की दात त्याचे! तुम्ही घासता तसे, सकाळ-संध्याकाळ!”

बाकावरची माणसं हसली. आक्काही हसल्या. पदर तोंडाला लावून “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. मी त्या ‘बरं’कडं लक्षसुद्धा दिलं नाही. चेष्टा जमली याचंच मला बरं वाटलं होतं.

चार-पाच दिवस गेले असतील. दुपारी बाराचा सुमार. आक्का रिक्षातून उतरल्या त्या धावतच आत आल्या. बुट्टीत मोमू आडवा, तोंडातून लाळ, अंगाला कापरं, पोट भात्यासारखं चाललेलं. मी उचलून तोंड उघडलं आणि वास आला. तो वास मी जन्मभर ओळखते. हिरड्यांवर काळी पूड चिकटलेली. तीन-चारशे ग्रॅमचं जनावर आणि तोंडात तंबाखू, दिवसातून दोनदा.

“काय केलंत हे?”

“दात घासलं,” आक्का म्हणाल्या.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला त्याच क्षणी आठवलं, बाकावरचं हसणं, माझा आवाज, ‘तुम्ही घासता तसे’. सगळं आठवलं. आणि ते आठवल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते आजही मला झोपताना ऐकू येतं. मी ओरडले, “अक्कल आहे का तुम्हाला? एवढ्याशा जीवाला मिसरी लावतात? म्हातारपणी डोकं फिरलंय का?” सहा-सात माणसं बसली होती. शामराव दुकानातून वाकून बघत होते. आक्का मान खाली घालून उभ्या. “चुकलं,” म्हणाल्या. “मी अडानी. चुकलं बघा. तेवढा जगवा.”

मी तोंड धुतलं, ऊब दिली, कातडीखाली सलाईन दिलं, प्राणवायू लावला. या विषाला उतारा म्हणून औषध नसतं. शरीरानं ते बाहेर टाकेपर्यंत जनावराला धरून ठेवायचं, एवढंच हातात. मोठी जनावरं कधीकधी तग धरतात. मोमूनं अडीच तास काढले. शेवटी दोन झटके आले आणि संपलं. मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी बुट्टीतलं फडकं नीट घडी करून त्याच्यावर घातलं. “ह्यांस्नी काय सांगू?” एवढंच विचारलं. मी पुढचं कुत्रं टेबलावर घेतलं.

पाटी मी त्याच आठवड्यात करून आणली. बघा, लोकांना किती काळजीनं शिकवते मी! पाटीवर चूक कुणाची ते लिहावं लागत नाही.

आक्का पुन्हा आल्या नाहीत. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. शामरावांकडून कानावर यायचं. बापूंची मूठ पुन्हा मिटली. आक्कांनी मिसरी सोडली, चाळीस वर्षांची सवय एका दिवसात. शामराव म्हणाले, “एकीकडनं बरं झालं म्हना की, बाई. म्हातारी सुटली तंबाखूतनं.” मी मान हलवली. हलवली म्हणजे काय, चक्क म्हटलं, “हो, तब्येतीला चांगलंच.”

असे चार महिने गेले. मग एक बाई तिच्या मुलाचा उंदीर घेऊन आली. मी पाटी दाखवून सांगायला लागले, तर ती म्हणाली, “मला माहीत आहे हो. आमच्या फुलेवाडीत एक आक्का आहेत, त्या आम्हा सगळ्यांना सांगत असतात. उंदराचे दात घासू नका, मी घासले आणि मारला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ‘नको’ म्हटलं होतं, तरी मी ऐकलं नाही, असं सांगतात.”

माझ्या हातातली सुई हातातच राहिली. “काय म्हणतात? मी नको म्हटलं होतं?”

“हो. बजावून म्हणे.”

त्या बाईचं काम मी कसं उरकलं ते आठवत नाही. दवाखान्याला कुलूप लावलं, अल्ताफला फोन केला. त्याच्याकडं पिल्लं झालेली, दोन महिन्यांची. त्याला पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, “दोन माद्या न्या, मॅडम. एकटा उंदीर झुरतो. पण उंदीर देऊन ते फिटायचं नाही, तोंडानंच सांगायला लागंल तुम्हाला.”

आक्कांचं घर फुलेवाडीत दोन खोल्यांचं. चारचा सुमार, चहा उकळत होता. बापू दारापाशी खुर्चीत. उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आत फडक्याची गुंडाळी कोंबलेली. मला बघून आक्कांनी सवयीनं तोंडाला पदर नेला आणि खाली आणला. तोंडात आता काही नव्हतं.

“या की. बसा.”

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. “आक्का, तुम्ही लोकांना खोटं का सांगता? मी नको कधी म्हटलं होतं?”

“चा घ्या तर आधी.”

“मी ‘घासा’ म्हटलं होतं. तुम्ही घासता तसे घासा, असं म्हटलं होतं.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “ठावं हाय की मला. माझ्यादेखत तर म्हनलासा.”

“मग?”

“मग काय? मी बाई अडानी. मला कोन नावं ठिवलं तर काय फरक पडतोय? तुमच्याकडं रोज मानसं जनावरं घिऊन येत्यात. डॉक्टरनंच सांगितलं म्हनून मेला, असं मी बोलत सुटलो तर कोन येनार? आनि मग त्या मुक्या जनावरांनी कुटं जायाचं?”

नोकरीत मला दोन-तीन प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत. ती कुठल्या पेटीत आहेत तेही मला ठाऊक नाही. माझ्या कामाबद्दल कुणी माझ्यासाठी इतकी किंमत मोजली नव्हती, आणि मी ती चार महिने फुकट खात होते. मी म्हटलं, “चूक माझी होती. मला राग आला म्हणून मी चेष्टा केली. आणि उंदीर आणलात तेव्हा मला सगळं आठवत होतं, तरी तुम्हालाच बोलले. चारचौघांत बोलले. मला माफ करा, आक्का.”

चहा उतू जायला आला तो आक्कांनी उतरवला.

“ते मातर लागलं,” मग म्हणाल्या. “उंदीर मेला त्याचं दुख हायच. ह्यांची मूठ मिटली त्याचं तर रोजचं हाय. पर तुमी ‘अक्कल हाय का’ म्हनलासा, तवा घरला येईस्तोवर मी रिक्षात रडत आलो. तुमी सांगितलं म्हनून किती जपून घासत हुतो मी. बोटाला फडकं गुंडाळून. त्याला लागू नये म्हनून.”

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला, आणि मी उभ्याउभ्या तो प्याले.

मग अल्ताफनं पिल्लं घालून दिलेला डबा उघडला. दोन्ही पिल्लं एकमेकींवर चढून कोपऱ्यात बसली होती. आक्कांनी बापूंची मूठ एकेक बोट सोडवून उघडली, फडकं काढलं आणि एक पिल्लू त्या तळहातावर ठेवून खालून आपला हात लावला. बोटं हलली नाहीत. पिल्लू घाबरून अंग चोरून बसलं. बापू त्याच्याकडं बघत होते, पण ते भिंतीकडंही तसंच बघतात, त्यामुळं काही सांगता येत नव्हतं. आम्ही तिघंही थांबून राहिलो. काही झालं नाही. आक्कांनी पिल्लू उचलून डब्यात ठेवलं. “हुईल,” म्हणाल्या. “घाई काय हाय?”

मी निघायला लागले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. माझ्यापुढं खुर्ची सरकवली, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि डबा जवळ ओढला.

“आता सांगा. ह्या पिल्लांस्नी काय घालायचं, काय न्हाय, दातांचं काय करायचं, समदं सांगा. सावकाश. मला एकदा सांगून कळत न्हाय.” त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. “आनि डॉक्टरीणबाई, ह्या बारीला चेष्टा नगं.”

मी खुर्ची बाजूला केली आणि त्यांच्यासमोर खाली बसले. एक पिल्लू तळहातावर घेतलं, अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला आणि म्हटलं, “हे बघा, आक्का. दात पिवळे म्हणजे चांगले.”